जर्मन रीसलिंग: आधी बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा बघा, मग सोबत काय खायचं ते ठरवा

"जर्मन व्हाईट वाईन गोडच असते ना?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की म्हटलं एकदा नीट सविस्तर लिहूनच टाकू. खरं उत्तर असंय की काही गोड असतात, काही अजिबात नसतात, आणि दुकानात दोन्ही शेजारी शेजारी त्याच उंच सडपातळ बाटलीत उभ्या असतात, म्हणून माणूस अंदाजाने उचलतो आणि घरी जाऊन जेवणाचा विचका होतो. मी जर्मनीत माइन्झला राहतो, ऱ्हाईनच्या काठावर, नदीपलीकडे राईनगाऊ आणि अलीकडे राईनहेसेन, दोन्हीकडे द्राक्षाचे मळे. शनिवारी सकाळी डोम, म्हणजे मोठ्या चर्चजवळच्या चौकात बाजार भरतो तेव्हा मळेवाले स्वतःच्या वाईनचा स्टॉल लावतात आणि लोक एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात पाव आणि फ्लाईशवुर्स्टचा जाड तुकडा घेऊन उभ्या उभ्या नाश्ता करतात. याला इकडच्या बोलीत "वेक, वोर्श्ट उन वोई" म्हणतात, म्हणजे पाव, सॉसेज आणि वाईन. वाईन ही जेवणातली रोजची वस्तू आहे, कपाटात शोभेला ठेवायची नाही, हे मी तिथे शिकलो.

या लेखात फक्त रीसलिंगबद्दल लिहितोय, ही पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाची एक जात, आणि तिच्या वाईनचंही नाव तेच. जर्मनीत सिल्व्हानर आहे, ग्राउबुर्गुंडर आहे, म्युलर-थुर्गाऊ आहे, पण रीसलिंग ही इथली खरी ओळख. सुमारे २४,००० हेक्टरवर तिची लागवड आहे आणि तिचा पहिला लेखी उल्लेख १४३५ सालचा, इथून जवळच्याच र्युसेल्सहाइमचा, तिथल्या सरदाराच्या हिशेबात वेली विकत घेतल्याची नोंद आहे. म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षं झाली.

पायरी १: अल्कोहोलचा आकडा

बाटली उचलली की पुढचं चित्र, किल्ला, गरुड, काही बघू नका. लेबलवर बारीक अक्षरात टक्क्यात आकडा असतो तो शोधा. ७.५ ते ९ च्या मध्ये असेल तर वाईन गोड आहे. १० ते ११.५ असेल तर मधली, म्हणजे गोडसर झाक असलेली. १२ किंवा वर असेल तर जवळजवळ नक्की कोरडी, म्हणजे साखर नाममात्र. आईसवाईनसारख्या (वेलीवर गोठलेल्या द्राक्षांच्या) फार गोड बाटल्या वेगळ्या, पण त्या छोट्या अर्ध्या बाटलीत येतात आणि किमतीवरूनच कळतात.

हे असं का होतं ते समजलं की पाठ करावं लागत नाही. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचा अल्कोहोल होतो, साधारण १७ ग्रॅम साखरेमागे लिटरला १ टक्का. सगळी साखर खाऊ दिली तर अल्कोहोल चढतो आणि वाईन कोरडी होते. मळेवाल्याने मध्येच टाकी थंड करून, गाळून यीस्ट थांबवलं तर अल्कोहोल कमी राहतो आणि उरलेली साखर वाईनमध्येच राहते. एवढाच हिशेब.

आता लोक म्हणतात गोड म्हणजे सरबत, मला नको. पण आपल्या पन्ह्याचा विचार करा. कैरी आंबट असते म्हणून एवढा गूळ घालूनही पन्हं गुळमट लागत नाही, उलट तरतरी येते. रीसलिंगमध्ये आम्ल इतकं तेज असतं की लिटरमागे ४०-५० ग्रॅम साखर असूनही चांगली काबिनेट (सगळ्यात हलकी रीसलिंग, पायरी २ मध्ये सांगतो) जिभेवर स्वच्छ संपते. जी वाईन संपल्यावर जीभ चिकट वाटते तिच्यात साखर आहे पण आम्ल नाही, आणि लीबफ्राउमिल्श नावाच्या स्वस्तातल्या गोड जर्मन वाईनने परदेशात नेमकी तीच छाप पाडून ठेवली त्यामुळे जर्मन वाईनचं नाव बरीच वर्षं खाली गेलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण खरी काबिनेट पिण्याआधीच लोकांनी ती नाकारलेली असते.

पायरी २: लेबलवरचे बाकीचे शब्द

ट्रोकन म्हणजे कोरडी. नियम असा की साखर लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत, किंवा आम्ल पुरेसं असेल तर ९ ग्रॅमपर्यंत चालते. हाल्बट्रोकन, म्हणजे अर्धी कोरडी, १८ पर्यंत. फाईनहेर्ब हा शब्द खूप दिसतो पण त्याला कायद्यात पक्की व्याख्या नाही, साधारण हाल्बट्रोकनच्या आसपास किंवा जरा वर, म्हणून फाईनहेर्ब दिसलं की परत अल्कोहोलच्या आकड्याकडे जा.

मग काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. १९७१ च्या वाईन कायद्यात हे शब्द पक्के झाले आणि ते बाटलीतली गोडी सांगत नाहीत, द्राक्ष तोडताना रसात किती साखर होती ते सांगतात. ती एक्स्ले नावाच्या अंशात मोजतात. काबिनेट सगळ्यात हलकी, श्पेटलेझे म्हणजे उशिरा तोडलेली, आउसलेझे म्हणजे निवडून घेतलेले घड. म्हणून "श्पेटलेझे ट्रोकन" अशी बाटलीही असते, पिकलेल्या द्राक्षाची पण पूर्ण कोरडी. नुसतं श्पेटलेझे लिहिलंय, ट्रोकन नाही आणि आकडा ८ आहे, तर ती गोड. श्पेटलेझेची गोष्ट इथे सगळे सांगतात: १७७५ मध्ये श्लोस योहानिसबेर्गला द्राक्ष तोडायची परवानगी फुल्डाहून घेऊन येणारा स्वार उशिरा पोचला, तोवर घडांवर बुरशी आली, तरी तोडले आणि वाईन अफलातून झाली. त्या स्वाराचा पुतळा आजही तिथल्या अंगणात उभा आहे.

रसातल्या साखरेत त्याच्याही वरच्या म्हणजे बेरेनआउसलेझे, ट्रोकनबेरेनआउसलेझे आणि आईसवाईन. आईसवाईनची द्राक्षं वेलीवरच उणे ७ अंश किंवा त्याहून थंडीत गोठलेली असताना तोडावी लागतात. हिवाळे उबदार होत चाललेत तसं ते दुर्मिळ होत चाललंय. ट्रोकनबेरेनआउसलेझेमधला ट्रोकन बघून कोरडी समजू नका, तिथे मणी वेलीवर सुकलेले आहेत असा अर्थ, वाईन मात्र सगळ्यात गोड.

गुट्सआबफ्युलुंग लिहिलं असेल तर मळेवाल्याने स्वतःच्या द्राक्षाची वाईन स्वतःच बाटलीत भरली आहे, ही चांगली खूण. झाकणावर द्राक्षाचा घड घेतलेला गरुड दिसला तर तो मळा व्हीडीपी या जुन्या संघटनेचा सभासद आहे, आणि बाटलीवर जीजी कोरलेलं असेल तर ती त्यांच्या सर्वोत्तम जमिनीतली कोरडी वाईन, महाग, १२.५-१३ टक्क्यांची. रोजच्या जेवणाला तिची गरज नाही.

पायरी ३: कुठली आहे ते बघा

मोझेल, राईनगाऊ, नाहे, राईनहेसेन, फाल्त्स एवढी पाच प्रदेशांची नावं लक्षात ठेवली तरी भागतं. फाल्त्स जरा उबदार, तिथली कोरडी रीसलिंग भरदार, पीच आणि पिकल्या फळाच्या वासाची, मांसाला चालते. राईनगाऊची ताठ, सरळ. नाहे मधली. राईनहेसेन फार मोठं, तिथे साधीपासून उत्तमपर्यंत सगळं आहे.

मोझेलला मात्र एकदा जाऊन या. नदी वेटोळी घेत जाते आणि दोन्ही बाजूंना इतके उभे डोंगर की ब्रेम गावच्या काल्मोंट डोंगरावर चढ ६५ अंशांपर्यंत जातो. तिथे ट्रॅक्टर चालत नाही, वेल हातानेच छाटतात, हातानेच तोडतात, माल चढवायला एका रुळावरची छोटी गाडी असते. जमीन म्हणजे पाटीचा दगड, तोच, ज्या पाटीवर आपण पेन्सिलने लिहायचो तसला, निळा-करडा, काही ठिकाणी लाल. मी सप्टेंबरच्या शेवटी संध्याकाळी तिथल्याच वेलेन गावच्या उतारावर होतो, ऊन गेलं होतं, हवेत गारवा होता, आणि खाली बसून हात टेकला तर दगड अजून तव्यासारखा कोमट. दिवसभराचं ऊन तो रात्री वेलीला परत देतो. एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकतं ते यामुळे, आणि थंडीमुळे सावकाश पिकतं म्हणून आम्ल टिकतं. तिथे उतारावर मोठं सूर्यघड्याळ आहे, १८४२ चं, वेलीत काम करणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून बांधलेलं, आणि त्यावरून मळ्याचं नाव पडलं वेलेनर झोनेनऊर.

पहिल्यांदा घेणार असाल तर दोन बाटल्या घ्या, एक मोझेलची काबिनेट ८-९ टक्क्यांची आणि एक राईनगाऊ किंवा फाल्त्सची साधी ट्रोकन १२ ची. दोन्ही एका जेवणाला उघडा. एकटी बाटली पिऊन फरक कळत नाही.

पायरी ४: थंड किती

फ्रीजमध्ये अडीच-तीन तास पुरे. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, नुसता बर्फ नाही, वीस मिनिटांत काम होतं. काबिनेट ८-१० अंशांना, भरदार कोरडी १०-१२ ला. जास्त गार केली की वास मरतो आणि नुसतं आंबट लागतं. एका हॉटेलात मला हीच वाईन कोमट आणून दिली होती, तेव्हा गोडी अशी अंगावर आली की सोबतच्या मित्राने पुढे रीसलिंगचं नाव काढलं नाही. ग्लास मध्यम, अर्ध्याहून कमी भरा, उन्हाळ्यात लहान लहान ओता म्हणजे बाटलीतली थंड राहते.

कधी जुन्या रीसलिंगला पेट्रोलसारखा, रॉकेलसारखा वास येतो. घाबरू नका, वाईन खराब नाही, द्राक्षातल्याच घटकांपासून तो मुरत मुरत तयार होतो. मला आवडतो, सगळ्यांना आवडेल असं नाही.

पायरी ५: सोबत काय, त्याचं गणित

चार गोष्टी बघायच्या: पदार्थ तेलकट आहे का, आंबट आहे का, तिखट आहे का, गोड आहे का.

तेलकट-तुपकट असेल तर आम्ल ते कापतं, भज्यावर लिंबू पिळतो तसं. पदार्थ आंबट असेल तर वाईन त्याच्याइतकी तरी आंबट हवी नाहीतर पाणचट लागते, रीसलिंग इथे कधी कमी पडत नाही. पदार्थ गोड असेल तर वाईन त्याच्याहून गोड हवी. आणि तिखट, इथे आपण सगळे चुकतो. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतो. मी सुरुवातीला एकदा मित्रांना जेवायला बोलावलं होतं, काळ्या मसाल्याचं मटण केलं आणि खास म्हणून १३ टक्क्यांची भारी कोरडी बाटली उघडली. दुसऱ्या घोटाला सगळ्यांची तोंडं भाजली, वाईन कडू लागायला लागली, आणि एवढी चांगली बाटली तशीच राहिली. पुढच्या वेळी त्याच मटणासोबत ८ टक्क्यांची गोड श्पेटलेझे दिली आणि ताटं स्वच्छ झाली. आमटीत गुळाचा खडा जे करतो तेच ती साखर करते, तिखट जात नाही, पण त्याची धार गोल होते. लाल वाईनचा तुरटपणाही यात नसतो, त्यामुळे मसाल्याशी भांडण होत नाही.

पायरी ६: इथले पदार्थ

इथल्या ताटात काय जातं ते आधी सांगतो कारण वाईन याच जेवणासोबत वाढली आहे. फ्लामकूखन, म्हणजे पापडासारखी पातळ पोळी, वर आंबट साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, याला ट्रोकन किंवा फाईनहेर्ब डोळे झाकून. झाउअरक्राउट आणि कासलर, आंबट कोबी आणि खारवलेलं मांस, इथे फाईनहेर्ब. फाल्त्सचं झाउमागेन, म्हणजे डुकराच्या पोटात मांस आणि बटाटे भरून शिजवलेलं, असेल तर तिथलीच कोरडी. श्पुंडेकेज, म्हणजे चीज आणि क्वार्क (आपल्या चक्क्यासारखं) घोटून वर कांदा-पापरिका, सोबत खारट ब्रेत्सेल (वेटोळा पाव), आमच्या भागातल्या मळेवाल्यांच्या श्ट्राउसविर्टशाफ्टमध्ये हे हमखास मिळतं. श्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणजे मळेवाल्याने अंगणात वर्षातले जास्तीत जास्त चार महिने चालवलेली छोटी खानावळ, दारावर फांद्यांचा गुच्छ टांगला की उघडी. श्पार्गेल, पांढरं शतावरीसारखं कोंब, २४ जूनपर्यंत मिळतं, त्याच्यासोबत लोक सिल्व्हानर जास्त पसंत करतात आणि मलाही ते पटतं, रीसलिंग घ्यायचीच तर सौम्य कोरडी घ्या. नाताळात भाजलेलं गूझ आणि लाल कोबी असतो, त्याला गोडसर श्पेटलेझे. निळ्या बुरशीचं खारट चीज आणि आउसलेझे, हे एकदा तरी करून बघा, खारट आणि गोड एकत्र आलं की दोन्ही वेगळंच काहीतरी होऊन जातं.

घरी करायला सगळ्यात सोपं म्हणजे फोरेले, ट्राऊट मासा. दोन माणसांना दोन साफ केलेले अख्खे मासे घ्या. आतून बाहेरून पुसून कोरडे करा, हे महत्त्वाचं, ओले राहिले तर कातडी तव्याला चिकटते. मीठ, मिरपूड, पोटात लिंबाची चकती आणि पार्सलीच्या दोन काड्या. मैद्यात हलकेच घोळवा, जास्तीचा झटका. मोठ्या तव्यात तेल आणि थोडं लोणी मध्यम आचेवर, एका बाजूने पाच-सहा मिनिटं, हात लावू नका, मग उलटा आणि तितकंच. पाठीवरचा पर सहज ओढून निघाला म्हणजे शिजला. मासे काढा, तवा पुसून त्यात चमचाभर लोणी घाला, फेस येऊन बदामी रंग आणि खरपूस वास आला की बदामाचे काप, मग लिंबू पिळा, चर्र होईल, लगेच माशावर ओता. सोबत उकडलेले बटाटे. ट्रोकन १२ ची ओता. लोण्याचा थर जिभेवर बसतो आणि प्रत्येक घोटाने धुतला जातो, पुढचा घास पहिल्यासारखा लागतो.

पायरी ७: आपलं जेवण

इथे राहणाऱ्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न रोजचाच आहे, म्हणून मी करून पाहिलेलंच लिहितो. ताजे बोंबील इथे मला मिळत नाहीत, म्हणून त्सांडर या गोड्या पाण्यातल्या माशाचे तुकडे हळद-मीठ-लिंबू-आलं-लसूण लावून रव्यात घोळवून तळतो, त्याला कोरडी राईनगाऊ मस्त. कोथिंबीर वडी, कांदाभजी, बटाटावडा यांना फाईनहेर्ब, पण वड्यासोबत लसणाची लाल चटणी असेल तर सरळ काबिनेट. नारळाच्या रसातलं कोळंबीचं कालवण आणि गोडसर श्पेटलेझे ही माझी सगळ्यात आवडती जोडी, नारळाची गोडी आणि वाईनची गोडी एका सुरात येते आणि कोकमाचा आंबटपणा तिच्या आम्लाला धरून राहतो. वरण-भात-तूप-लिंबू आणि कोरडी रीसलिंग, ऐकायला कसंतरी वाटेल, पण तूप आणि लिंबू बघा, गणित तेच आहे. ठेचा-भाकरीला काबिनेट, छोटे घोट.

काय जमत नाही तेही सांगतो. श्रीखंड आणि पुरणपोळीसमोर काबिनेट किंवा श्पेटलेझे आंबटढाण लागते, त्यांच्याहून गोड वाईन हवी आणि ती फार महाग, तेव्हा गोडासोबत वाईन नकोच. लोणचंही बाजूला ठेवा, तेल-मीठ-मेथीच्या कडूपुढे काहीच टिकत नाही.

भारतात परत जाताना न्यायची असेल तर माणशी दोन लिटर दारू ड्युटीशिवाय नेता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या सहज बसतात. चेक-इन बॅगेत, जाड कपड्यात गुंडाळून, मध्यभागी. घरच्यांसाठी नेत असाल तर काबिनेट न्या, पहिल्यांदा पिणाऱ्याला ती पटकन आवडते आणि आपल्या मसाल्याला चालते. नाशिकच्या सुलाचीही रीसलिंग आहे, तिकडच्या उन्हाची आहे त्यामुळे मोझेलशी तुलना करू नका, तिची ती म्हणून प्या.

उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये कोरडी तीन-चार दिवस आणि गोड आठवडाभर चांगली राहते. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले तर ओतून देऊ नका, तो वाईनस्टाईन, द्राक्षातल्याच आम्लाचं मीठ थंडीने खाली बसलेलं, खायला निरुपद्रवी, फक्त शेवटचा घोट हळू ओता म्हणजे ते बाटलीतच राहतील. आणि अर्धा कप कोरडी उरलीच तर पुढच्या वेळी ट्राऊटचं लोणी बदामी झालं की लिंबाऐवजी ती घाला, निम्मी आटवा आणि चमचाभर साय घालून रस्सा करा.